पदकं इतकी खाली का टांगली

नाही, ती माझी जुनी, स्कीवर बसवायची बैठक मिळणार नाही, सुन्निवा — आणि रविवारच्या शर्यतीसाठी तर मुळीच नाही. राहू दे तिला भिंतीवर. हो, तिन्ही पदकं तिच्यातच बसून मारली, मान्य — पण पदकं बैठकीनं मारली की मी? मी मारली. मग? तुझी खुर्ची घे इकडे शेगडीपाशी, वॅफल खा, त्यावर तपकिरी चीज लाव — लाजू नकोस — कॉफी? कॉफी नाही आज, दूध पी. आणि ऐक. बर्फावर बसून दोन काठ्यांनी स्वतःला रेटत न्यायचं, तर जोर कशाचा? हातांचा? चूक. पोटाचा. तुझं पोट जागं आहे, माझंही आहे — आपले फक्त पाय झोपलेत. मग गुडघे खाली घ्यायचे, पाय मागे दुमडायचे, कंबर वर — की अख्खं अंग काठीवर पडतं. आणि त्या भिंतीवरच्या बैठकीत बसलीस, गुडघे छातीशी घेऊन, तर पाठीची होते कमान, पोट बसतं चिमटून, आणि भार कोणावर? कंबरेवर आणि खांद्यांवर. ज्यांचं पोट चालत नाही त्यांना तसंच बसावं लागतं, त्यांची गोष्ट वेगळी. तुला कशाला हौस?

मला होती, हो. विद्यापीठातल्या पोरांनी एकदा हालचाल मोजायला माझ्या अंगभर ठिपके चिकटवले, नाताळच्या झाडासारखा सजवला, दोन्ही बैठकांत काठ्या मारायला लावल्या आणि आकडे दाखवले — तोरमोद, हे बघा खांद्यांवर काय येतंय. मी म्हटलं, यंत्र बिघडलंय तुमचं. बारा हिवाळे झाले त्याला. का ऐकलं नाही? अगं, जिंकत होतो, जिंकणारा कोणाचं ऐकतो? — बरं, तेवढंच नाही. एकोणिसाव्या वर्षी झाड अंगावर पडून पाय गेले ना, त्यानंतर पाय समोर दिसले की बरं वाटायचं. आहेत, म्हणायचं. मागे दुमडून पट्टा आवळला की वाटायचं, कोणीतरी अडगळीत टाकले. फार वाईट वाटायचं. — हे कशाला सांगतोय मी तुला? दूध पी.

आपले खांदे काय नुसते शर्यतीला लागतात? पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून गाडीत — कोण नेतं? तेच नेतात. ते रुसले की झालं.

पदकं इतकी खाली का टांगली म्हणून हसतेस ना? सगळेच हसतात. लहान मुलांना दिसावीत म्हणून, असं सांगतो मी. ही घे तुझी बैठक. गुडघ्यांखालची गादी मी शिवलीय, आठवडा गेला, नावं ठेवू नकोस. बस. आवळ पट्टा. पाय दिसणार नाहीत, घाबरू नकोस, आहेत ते.

हं, जमलं. ये परत खुर्चीत. जाताना त्या फळीवरचा कॉफीचा डबा तेवढा काढून दे. अगं, खुर्चीतल्या तुझ्या डोक्याएवढी तर उंच आहे फळी — झाडलोट करणाऱ्या बाईनं ठेवलाय तिथे, सकाळपासून बघत बसलोय त्याच्याकडे. — अशी काय बघतेस? हात वर जात नाही माझा. झालं समाधान? दे इकडे. आणि नीघ आता, बर्फ मऊ पडायच्या आत.