धुक्यातला विमानप्रवास

१९२९च्या उन्हाळ्यात माणसाने अंतरावर अखेरचा विजय मिळवला. रात्री रेल्वेत झोपायचं, दिवसा विमानाने उडायचं, आणि दोन दिवसांत अमेरिका पार. त्या विजयाची वाट पाहत आम्ही प्रवासी सकाळपासून ओक्लाहोमातल्या एका धावपट्टीशेजारी बसलो होतो. बाहेर धुकं होतं. समोरच्या बाकावर एक नवराबायको.

"हॅटी, तासाभरात उडतोय बघ."

"हे तुम्ही न्याहारीच्या आधीही म्हणालात."

"तुझा भाऊ बसला असेल त्या साध्या रेल्वेगाडीत, घामाघूम. कुठंतरी मागेच."

"मागे आहे, पण येतोय तरी."

"लॉस एंजेलिसला त्याला उतरवून घ्यायला मी स्टेशनवर उभा राहणार. सगळ्यांदेखत विचारणार, काय व्हर्जिल, प्रवास कसा झाला?"

"परवा तिथं पोरीचं लग्न आहे. तिला हात धरून चर्चमध्ये कोण नेणार?"

"कोण म्हणजे? बाप!"

"बाप इथं बाकावर बसलाय."

"धुकं काय मी आणलं?"

"तिकिटं तुम्ही आणलीत. विमानवाल्यांनी चारचौघांत मला वजनकाट्यावर उभं केलं, बटाट्याच्या पोत्यासारखं. एवढं वजन केल्यावर आता उडवायलाच पाहिजे त्यांनी."

दुपारी विमान कंपनीचा माणूस टोपी हातात घेऊन आला. विमान रद्द झालं होतं. सगळ्यांनी मागून येणाऱ्या साध्या गाडीत बसावं, असं तो म्हणाला.

जवळच्या स्टेशनात गाडी थांबली, तशी एका खिडकीतून हाक आली, "हॅटी!"

व्हर्जिलने दोन जागा धरून ठेवल्या होत्या.