निळ्या कमळाची पेटी

मंडळी, आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या — नाव कळलं म्हणजे ओळख पटली का? लगेच माना डोलावू नका! मी जन्मभर नामाचा महिमा गातोय. देवाला कुठल्याही नावानं हाक मारा, तो धावत येतो. पण यंत्राचं तसं नाही हो!

ऐका तर. तुमच्याच गावातली, गेल्या वैशाखातली गोष्ट. तुमच्या दवाखान्यात लशी ठेवायची थंड पेटी आहे. तिचं नाव काय? — शीतल! आणि डेअरीत दूध गार करायची टाकी आहे. तिचं नाव? — तेही शीतल! कंपनी एकच, दोन्हींवर छापही एकच — निळं कमळ. बारशाला आत्या मिळाली नसावी, दुसरं काय!

त्या दिवशी लसीकरण. व्हरांड्यात एकवीस आया, मांडीवर एकवीस बाळं, आणि एकवीस सुरांतलं रडणं! तेवढ्यात पेटी वाजायला लागली — टूं, टूं, टूं! नर्सताई नव्या, रुजू होऊन आठच दिवस झालेले. घाबरल्या. कंपनीला फोन लावला, स्पीकर चालू केला. "अहो, शीतल वाजतेय!"

पलीकडचे साहेब मोठे हुशार! "तीन-तीनदा वाजते ना? मग धुवायची वेळ झाली. झाकण सताड उघडा, तासभर हवा लागू द्या!"

तासभर! वैशाखात! लशींत काय राम उरला असता? आणि शेजारच्या वाडीत गोवर सुरू झालेला! ताईंना कळत नव्हतं का? कळत होतं! पण खुद्द कंपनी सांगतेय म्हटल्यावर आपलं शहाणपण गप्प बसतं. तुमचं बसतं, माझंही बसतं.

ताईंनी झाकणाला हात घातला — आणि त्या हातावर दुसरा हात पडला! मावशीचा. दवाखाना झाडते-पुसते, ती मावशी.

"ताई, थांबा! डेरीतल्या टाकीवर बी ह्येच निळं कमळ हाय. मला वाचाया येत न्हाई, पर सकाळी दूध घालाया जाते, रोज बघते. ती वाजली की धुत्यात. ह्ये सायेब कंच्या शीतलचं सांगत्यात?"

"मावशी, नाव एकच आहे हो!"

"नाव ऱ्हाऊ द्या. आत काय हाय ते सांगा त्यास्नी!"

वा! काय बोलली! इतकी वर्षं मी पोथ्या चाळतोय, पण असं वाक्य मला कधी सुचलं नाही.

ताई म्हणाल्या, "आत बाळांच्या लशी आहेत." साहेब ओरडलेच — "अहो, मला वाटलं दूध! झाकणाला हात लावू नका! आधी मागची विजेची पिन बघा!" पिन ढिली झालेली. मावशीनं अंगठ्यानं दाबली. पेटी गप्प! एकवीसच्या एकवीस बाळांना लस मिळाली. पुन्हा रडारड झाली, आणि मावशी म्हणे ते ऐकून हसत होती.

आता सांगा — त्या मावशीचं नाव काय?

बोला! कुणालाच ठाऊक नाही? अहो, दवाखान्यात झाडते ती मावशी, शाळेत खिचडी शिजवते तीही मावशी! दोन यंत्रांना एक नाव दिलं म्हणून मघाशी कंपनीला हसलात. आपण किती बायांना एकच नाव चिकटवलंय? मीही त्यातलाच. आख्यान बांधलं, नाव विचारलं नाही. लाज वाटते मला.

त्या बघा, खांबामागं बसल्यात. बाई, जरा उभ्या राहा. तुमचं नाव काय?

"...हौसाबाई."

मोठ्यानं!

"हौसाबाई!"

ऐकलंत? उचला टाळ! देव थांबेल घटकाभर, त्याची काही हरकत नसेल — आधी हे नाव घ्या!