अक्षरं सरळ, बाण खाली

कामावरची ओळख: पाणसळ. वय: ५४ वर्षे. धंदा: कार्यालयाच्या इमारतीची देखभाल (दिवे, कुलपं, पाट्या). राहणार: इमारतीमागची कर्मचारी चाळ, खोली सात.

ठाण्यात समक्ष हजर होऊन सांगतो की, मी सदर इमारतीत एकोणतीस वर्षं कामाला आहे. पाटी तसूभर वाकडी दिसली तरी मला चैन पडत नाही, खिशात कायम सपाटी तपासायची गवंड्याची पाणसळ असते, म्हणून हे नाव पडलं. मयत माझी धाकटी बहीण. पहिल्या तळघरातल्या दप्तरखान्यात फायली शिवायच्या कामावर ती माझ्याच शब्दावर लागली. लागून बावीस दिवस झाले होते.

इमारतीला तळघरं दोन आहेत. दुसऱ्यात फक्त पंपाची खोली आहे. तिथून बाहेर पडायला वाट नाही.

जिन्यांसाठी अंधारात चमकणाऱ्या चाळीस पाट्या छापून आल्या. 'बाहेर जाण्याचा मार्ग' आणि खालच्या दिशेचा बाण. वरच्या मजल्यांना ते ठीक होतं, पण तळघरातून बाहेर पडायचं तर वर जावं लागतं. मी वर दाखवणारी एक पाटी मागितली. मोठे साहेब म्हणाले, "आल्यात त्या लावा." म्हणून दप्तरखान्याबाहेर मी पाटी उलटी लावली. बाण वर झाला, अक्षरं डोक्यावर उभी राहिली.

बहीण पहिल्याच दिवशी हसली. "दादा, तू आणि उलटी पाटी?" मी म्हणालो, "अक्षरं वाचत बसू नकोस. धूर झाला, दिवे गेले, तर डोळे झाकून बाणामागं जायचं." ती म्हणाली, "डोळे झाकल्यावर बाण कसा दिसायचा रे?"

गेल्या सोमवारी पाहणी झाली. साहेब पाटीपुढे थांबले. "ही उलटी कुणी लावली? हसं करून घ्यायचंय का?" मी म्हणालो, "साहेब, बाण वर हवा." ते म्हणाले, "बाणाचं नंतर बघू. आधी अक्षरं सरळ करा." मी चार स्क्रू काढले, पाटी फिरवली, पाणसळ लावून पाहिली. साहेबांनी दटावलं हे खरं. पण ती उलटी अक्षरं मलाही रोज खुपत होती, आणि सरळ झाल्यावर मला बरं वाटलं. हेही लिहून घ्यावं.

बहिणीला सांगायचं राहिलं. त्या संध्याकाळी ती घरी आली होती. तिच्या मुलीच्या पडलेल्या दाताबद्दल बोललो.

गुरुवारी सकाळी ११.२० वाजता तळमजल्याजवळ जिन्याच्या वळणावरची विजेची पेटी पेटली. दिवे गेले. धूर वरूनच येत होता. दप्तरखान्यात बहीण आणि जुन्या कारकूनबाई अशा दोघीच होत्या. बाईंनी तिचा हात धरून वर ओढलं. बाई मला दवाखान्यात म्हणाल्या, "मी ओरडले हो, 'अगं, खाली काही नाही!' तर म्हणाली, 'दादानं सांगितलंय, बाण बघायचा.' हात सोडवून गेली." बाई धुरातून वर आल्या. त्यांचा उजवा हात भाजला आहे.

बहीण पंपाच्या खोलीच्या दाराशी सापडली. दाराला कुलूप होतं. त्याची किल्ली माझ्या जुडग्यात असते.

साहेबांचं म्हणणं, पाटी नियमाप्रमाणे सरळ होती. ते खरं आहे. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. मला तेवढी ती पाटी काढू द्यावी, अशी विनंती केली. पंचनामा पुरा होईपर्यंत हात लावता येणार नाही, असं सांगण्यात आलं. आज सकाळी पाहिली, अजून चमकते आहे.

तिची मुलगी माझ्याकडे आहे. आई कुठल्या वाटेनं गेली, असं विचारते.

अंमलदारांनी लिहिलेला हा जबाब मला वाचून दाखवला आणि मी स्वतःही पाहिला. सांगितलं तसाच उतरला आहे. अक्षरं सरळ आहेत. खाली सही करतो.