मशीनवरचा माणूस

सोलापूरच्या इस्पितळात, भाजलेल्यांच्या वॉर्डाबाहेर मी बहिणीसाठी बसले होते. शेजारच्या बाकावर एक तरुण बाई आणि ट्रेलरवरून ऊसतोडणीची मशीन नेणारा म्हातारा ड्रायव्हर बोलत होते. आमच्या लहानपणी गावात मळणीयंत्र यायचं, तेव्हा आम्ही मुली नाचत त्याच्यामागे जायचो.

“मामा, तुमी ट्रेलर हाकत हुता. लाइटची तार दिसली न्हाय?”

“तारा बघायलाच तुजा नवरा मशीनवर बसला हुता की, ऋतुजा. लोंबती तार अमृतनं बांबूनं उचलायची, मी खालनं गाडी काढायची. लई वर्सं असंच चाललंय.”

“मग?”

“पहाटंच्या दवानं बांबू भिजला हुता.”

“डॉक्टर कायच बोलंनात. मशीन कुटं हाय आता?”

“माढ्याला निघालीया. कारखाना थांबतोय व्हय? मालकानं दुसरा ड्रायव्हर दिला.”

“आन वर कोण बसलं?”

“तू आदी चा घे.”

“मामा, वर कोण बसलं?”

“अजिंक्य.”

“माजा दीर? भाऊ आत असा पडलाय आन त्यो वर चढला?”

“अमृतची जागा दुसऱ्याला जाईल म्हणला. वयनीला सांगू नका म्हणला.”

“ड्रायव्हरला फोन लावा. उतरवा त्याला खाली.”

“दोनदा लावला. उचलत न्हाय.”

“मग अजिंक्यलाच लावते.”

“नगं, पोरी! वर बसलेल्याला फोन लावायचा नसतो. दोन्ही हात बांबूवर लागतात.”