रणगाडे देणाऱ्या मुलुखाचा गहू

सन पासष्टची लढाई थांबून महिनाही लोटला नव्हता. नागपुरात इतवारीतील पिठाच्या गिरणीपुढे रुपराव आपल्या नंबराची वाट पाहत बसले असता, जिजाबाई व जयवंता या दोन शेजारणींचे संभाषण त्यांच्या कानी पडले.

“राशनचा अमेरिकन गहू आणला का वं, जिजाबाई?”

“हो वं, जयवंता. कामठीच्या मिलिटरी दवाखान्यात पोराले पोळ्या नेतो उद्या.”

“ज्या रणगाड्याच्या गोळ्यानं त्याचा पाय गेला, तो रणगाडाही अमेरिकेनंच पाकिस्तानले देल्ला होता म्हणतात.”

“आयकलं मी. आमच्या पारशिवनीचा मालगुजार, साऱ्या गावच्या वावरायचा धनी, असाच होता. दोघा भावांचं भांडण लागलं, का एकाले काठी दे, दुसऱ्याच्या लेकरायले भाकर दे. अन् मग पंच म्हणून तोच बसे.”

“मंग एवढ्या मोठ्या मुलुखानं कराव तरी काय?”

“काठी आपल्या घरी ठेवाव. भाकर देल्ली तर देल्ली.”

“काठी घरी ठेवली तर त्याले मोठा कोण म्हणन, बाई?”

जिजाबाईंनी गव्हाचा डबा पुढे सरकवला, तेव्हा जयवंताने त्यातले चार दाणे हातावर घेऊन पाहिले.

“पण पोरगा हा गहू खाईन का?”

“माझ्या भावानं गावाहून पाठवला म्हणीन.”

“अर्धं लहानपण त्याचं मामाच्या वावरात गेलं. पहिल्याच घासाले वळखीन तो.”

“वळखीन. पण मायले तसं म्हणणार नाही.”