एकटीचे ब्याऐंशी

सल्लागार : परत करतो, मॅडम. पण कितीदा केलं तरी आकडा तोच येणार. हा काही भाजीवाल्याचा काटा नाही, जरा बोट लावलं की पारडं खाली.

बायको : तरी करा.

सल्लागार : बरं. वय, शिक्षण, पॅथॉलॉजी लॅबमधला अनुभव, भाषेची परीक्षा. तुमचं सगळं धरून बहात्तर गुण. आता इथे विचारतात, नवरा आहे का? आहे. त्याचं काम गरजेच्या यादीत आहे का? नाही. मग त्याच्या भाषेचे किती? दोन. झाले चौऱ्याहत्तर. आणि कायमचं राहायला तिकडचं सरकार या फेरीत बोलावतंय ऐंशीच्या वरच्यांना.

नवरा : दोन तर दोन. अगदीच रिकाम्या हातानं आलो नाही म्हणायचं.

बायको : तू गप्प बस जरा.

सल्लागार : सर, तुमच्या कामाला कुणी नावं ठेवत नाही. आमच्या या बिल्डिंगची लिफ्ट तुमच्यामुळे चालते. पण त्यांनी लिफ्ट मेकॅनिक यादीतून काढून टाकले, त्याला मी काय करणार?

बायको : दीड वर्षापूर्वी याच टेबलापाशी तुम्ही मला काय म्हणाला होतात, आठवतं?

सल्लागार : आठवतं ना.

बायको : ‘मॅडम, एका गुणानं घोडं अडलंय. एकट्या माणसाला ते दहा देतात, पण नवरा यादीतल्या कामाचा असला तर बारा. माझ्याकडे एक चांगला मुलगा आहे. निर्व्यसनी आहे, लिफ्टचं काम करतो, तोही तिकडेच जायचं म्हणतोय.’ दुकानदार दुसऱ्या रंगाची साडी काढतो ना, तसं याला पुढे केलंत.

नवरा : मला तर म्हणाले होते, ‘मुलगी हुशार आहे, तुमचा निम्मा अभ्यास तिनंच केलाय असं समजा.’

सल्लागार : आणि त्यात खोटं काय होतं? तेव्हा त्र्याऐंशी लागत होते. मॅडमचे एकटीचे ब्याऐंशी, दोघांचे मिळून चौऱ्याऐंशी. गणित चोख होतं. तुमच्या लग्नात मी पहिल्या रांगेत बसलो होतो, सर, घरच्यासारखा.

नवरा : फोटो अजून लावलाय तुम्ही. ‘आमची यशस्वी जोडपी.’ त्या विमानतळावर फोटो काढलेल्या जोडप्याच्या शेजारी.

बायको : त्या फोटोंतले बाकी सगळे गेले. आम्हीच तेवढे भिंतीवर राहिलो.

सल्लागार : अहो, सरांच्या कामाचा दाखला यायला उशीर झाला. आला तोवर यादी बदलली. दैवगती म्हणायची.

बायको : आणि पुढे ऐंशीच्या वरच्यांनाही बोलवायला लागले. म्हणजे मी काही न करता, नुसती हातावर हात ठेवून घरात बसले असते तरी आज पार झाले असते.

नवरा : माझ्याशी लग्न न करता.

बायको : हो. तेच म्हणतेय मी.

सल्लागार : हे बघा, झालं ते झालं. आता पुढचं बोलू. पुढच्या महिन्यात मॅडमना तेहतीस पूर्ण होतात. त्या दिवशी वयाचे पाच गुण गेले. मग एकटीचेही पुरणार नाहीत. म्हणजे हीच फेरी, आणि ती आज संध्याकाळी बंद होते. सरांच्या नावावर अर्ज करायचा तर तो सत्तरीसुद्धा गाठत नाही, मी बघून ठेवलंय.

नवरा : तुमच्या बोलण्याला शेपूट दिसतंय. सांगून टाका.

सल्लागार : फॉर्ममध्ये एक प्रश्न आहे. ‘जोडीदार सोबत येणार का?’ तिथे ‘नाही’ केलं की मॅडमना एकट्या धरतात. दहा गुण. ब्याऐंशी.

बायको : म्हणजे लग्न मोडायचं?

सल्लागार : छे, छे. लग्न जिथल्या तिथे. सर फक्त जाणार नाहीत. मॅडम तिकडे पक्क्या झाल्या की त्यांनी बोलवायचं. अडीच-तीन वर्षं धरा.

नवरा : आणि तेव्हा मला परीक्षा नाही?

सल्लागार : भाषेची परीक्षा तर द्यावीच लागेल, सर. ती कुणाला चुकत नाही.

नवरा : चार वेळा झाली माझी. वाचायला येतं, लिहायला येतं. बोलायचं आलं की बोलती बंद. स्क्रीनवरची बाई म्हणते, एक मिनिट विचार करा आणि मग बोला. माझं ते मिनिट संपतच नाही.

सल्लागार : सराव करा. क्लास आपलाच आहे, तुम्हाला सवलतीत. जरा थांबा हं, हा फोन घ्यावा लागेल. दोघं बोलून घ्या तोवर.

(सल्लागार फोन कानाला लावून बाहेर जातो. काचेचं दार त्याच्यामागे अर्धवट लागतं.)

बायको : बोल काहीतरी.

नवरा : दार वरच्या बिजागरीत लोंबतंय. एक स्क्रू आवळला तर बसेल.

बायको : दाराचं नको बोलूस.

नवरा : मग कशाचं बोलू? तू गप्प बस म्हणालीस, मी बसलो.

बायको : मला जायचंय.

नवरा : माहीत आहे.

बायको : नाही, ऐकून घे. मला खरंच जायचंय. त्या लॅबच्या तळघरात सात वर्षं झाली. दिवस आहे की रात्र ते भिंतीवरच्या घड्याळाला विचारायचं. मोठी जागा रिकामी झाली, तर डॉक्टरांचा भाचा येऊन बसला, त्याला नीट रक्त काढता येत नाही. घरी यावं तर तुझ्या दादा-वहिनींच्या दोन खोल्या, आणि आपण हॉलमध्ये पडद्यामागे. वहिनी कूस बदलतात तेही मला कळतं. म्हणजे आपलंही त्यांना कळत असणार.

नवरा : म्हणून तर आपण भांडतोसुद्धा कुजबुजत.

बायको : हसू नकोस. मला गुदमरायला होतं रे. मी नाही गेले तर तिथेच म्हातारी होणार, हे मला आत्ताच दिसतंय.

नवरा : मग जा.

बायको : असं नको म्हणूस.

नवरा : मग थांब म्हणू?

बायको : म्हणून बघ.

नवरा : थांब.

बायको : (कोपऱ्यातल्या कुंडीकडे तोंड फिरवते.)

नवरा : म्हटलं. काय झालं?

बायको : राग आला.

नवरा : आणि जा म्हटलं तेव्हा?

बायको : तेव्हाही.

नवरा : घ्या. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

बायको : तुला काही वाटत नाही का? तू मागे राहणार आहेस. त्या पडद्यामागे, एकटा.

नवरा : वाटतं ना. भीती वाटते. तू गेल्यावर वहिनी पडदा काढणार आणि तिथे शिलाई मशीन ठेवणार. आत्ताच माप घेऊन ठेवलंय तिनं, मी पाहिलंय. मग मी कुठे झोपायचं ते अजून ठरलेलं नाही.

बायको : तू हे मला सांगितलं नाहीस.

नवरा : काय सांगायचं? त्या घरात माझे दोन गुणसुद्धा धरत नाहीत.

बायको : एक विचारू? खरं सांगशील?

नवरा : विचार.

बायको : लिफ्टवाले तेव्हा यादीत होते म्हणून मी तुला हो म्हटलं. नसते तर नसतं म्हटलं. तू?

नवरा : मीसुद्धा. काकूनं एक मुलगी बघून ठेवली होती, माझ्यापेक्षा उंच. बल्ब बदलायला बरी, असं काकू म्हणायची.

बायको : मग आता का एवढं जड जातंय? दोघांनी हिशेबानं लग्न केलं. हिशेब बसला नाही, उठायचं. सोपं आहे की.

नवरा : सोपंच आहे. लिफ्टमध्ये माणसं जास्त झाली की भोंगा वाजतो. कुणीही एक उतरलं तरी चालतं. पण उतरतो कोण, तर शेवटी चढलेला. बाकीचे त्याच्याकडे बघतात म्हणून.

बायको : मी नाही बघत तुझ्याकडे तशी.

नवरा : तू बघतच नाहीयेस माझ्याकडे. मघापासून त्या कुंडीकडे बघतेयस, आणि ती प्लॅस्टिकची आहे.

बायको : तुझ्याकडे बघितलं तर माझ्या तोंडून ‘हो’ जाईल. ‘सोबत येणार का’ला ‘हो’. मग आपण दोघं चौऱ्याहत्तर. आणि मग मी तुला आयुष्यभर बोल लावणार. जेवताना, झोपताना, उठताबसता. मला माहीत आहे मी कशी आहे.

नवरा : मलाही माहीत आहे.

बायको : मी रात्रपाळीहून येते तेव्हा कुणाला जाग येऊ नये म्हणून तू पडद्याच्या कड्यांना मेण लावलंस. मी सांगितलंही नव्हतं. असलं काही करत जाऊ नकोस ना रे.

नवरा : कड्या करकरत होत्या. माझं कामच आहे ते.

बायको : तुला तिकडे यायचं तरी आहे का? मनापासून?

नवरा : मला त्या घरातून निघायचं होतं. तिकडे की आणखी कुठे, असा विचार नव्हता केला. मग तू आलीस. आता तू जिथे असशील तिथे यायचंय, एवढंच आहे. पण हे त्या बाईला एका मिनिटात कसं सांगायचं?

बायको : मला सांगितलंस तसं.

नवरा : तुला सांगायला दीड वर्ष लागलं.

सल्लागार : आलो, आलो. झालं का बोलणं? सिस्टिम पाचला बंद होते, आणि शेवटच्या अर्ध्या तासात सगळं जग तिथे गर्दी करतं. काय करू, मॅडम? हो की नाही? आणि हे आत्ताच सांगतो, एकदा ‘नाही’ करून पाठवलं की पुन्हा ‘हो’ करता येत नाही.

नवरा : ‘नाही’ करा.

सल्लागार : सर, अर्ज मॅडमचा आहे. त्यांनीच सांगायला हवं, नंतर माझ्यावर यायला नको.

बायको : त्याला बोलवता आलं नाही तर? परीक्षा नाहीच झाली तर?

सल्लागार : तेव्हाचं तेव्हा बघू. नियम बदलत असतात, मॅडम. तुमच्याइतकं ते कुणाला माहीत आहे?

बायको : तुझ्या तोंडानं एकदा सांग. रागावणार नाहीस ना?

नवरा : रागावणार. रोज संध्याकाळी फोन करून रागावणार. पण तू राहिलीस तर आपण दोघंही रागावणार, आणि तेही कुजबुजत. त्यापेक्षा तू तिकडे मोठ्यानं बोल. निदान एकाला तरी मोठ्यानं बोलता येऊ दे.

सल्लागार : मॅडम?

बायको : नाही.

सल्लागार : म्हणजे अर्ज नाही?

बायको : सोबत येणार नाही. तो. तसं करा.

सल्लागार : केलं. बघा, आकडा लगेच वर गेला. ब्याऐंशी. अभिनंदन, मॅडम. सर, तुमचंही.

नवरा : माझं कशाबद्दल?

सल्लागार : म्हणजे… घरातलंच माणूस चाललंय ना. बरं, पत्ता तोच, फोन तोच. एवढं एक राहिलं. अडीअडचणीला कुणाला कळवायचं?

बायको : याला.

सल्लागार : तसं चालेल, पण तिकडचं कुणी असेल तर बरं पडतं. हे इतक्या लांबून येणार कधी आणि करणार काय? मामा, मावशी, एखादी मैत्रीण. आठवून बघा, तिकडे तुमचं कुणीतरी असेल.

बायको : तिकडे माझं कुणी नाही. एकटी असण्याचेच तर दहा गुण मिळाले.