लांब झालेले झगे

हाडांच्या तपासणीला आलेली शिंपीण खोलीबाहेर वैतागून बसली होती. शेजारी धाकटी जाऊ होती.

"घरी चल. शिलाई पडलीय."

"मनगट मोडलं, आता खुबा मोडायची वाट बघताय?"

"पाळी गेली तेव्हा वाटलं, सुटले."

"पाळी गेली की हाडं ठिसूळ होतात, डॉक्टरांनी सांगितलंय."

"आयुष्यभर राबा, वर हाडंही द्या."

"उंची पाच फूट," नर्स तिला पट्टीखाली उभं करून, फॉर्म भरत म्हणाली.

"पाच फूट दोन इंच. तुमची पट्टी चुकलीय."

"जाऊबाई, मग हल्ली सगळे झगे खालून का दुमडता?"

"धुऊन धुऊन लांब झालेत."

"धुतल्यावर कापड आटतं. तुम्हीच शिकवलंत मला."

शिंपिणीने अंगावरच्या झग्याची दुमड चिमटीत धरून पाहिली.

"बरोबर दोन इंच आहे," ती म्हणाली. "कुठं झोपायचं तपासायला?"